रेघ गळाली, राग बदलला

भैरव थाटाचे स्वर संगणकावर लिहायचे, तर रिषभ आणि धैवत यांच्याखाली रेघ हवी. हा मजकूर साध्या रूपात दुसरीकडे पाठवला, की रेघा गळून पडतात आणि उरतो चक्क बिलावल थाट! असे का व्हावे? कारण संगणकावरचे अधोरेखन ही नुसती सजावट असते. अक्षराचा भाग नव्हे.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या स्वरलेखनात चिन्हे मोजकी आहेत. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार सप्तक. छापील पुस्तकात हे उत्तम चालते. संगणकासाठी मात्र केवळ सारखी दिसणारी चिन्हे उसनी घेतली जातात आणि आमचा आक्षेप इथेच आहे. तार गंधारासाठी अनुस्वार देऊन 'गं' आणि मंद्रासाठी नुक्ता देऊन 'ग़' लिहिले, तर डोळ्यांना ते पटते. संगणकाच्या लेखी मात्र पहिला झाला अनुस्वारयुक्त उच्चार, दुसरा 'ग़ज़ल'मधला ग़. स्वर शोधणारी आज्ञावली इथे फसणारच.

सगळी उसनवारी वाईट नसते. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अक्षराखालची आडवी रेघ अनुदात्त दाखवते, डोक्यावरची उभी रेघ स्वरित. दोन्ही चिन्हे युनिकोडमध्ये आहेत. ती वापरली, तर अक्षर तेच राहते आणि रेघ गळत नाही. शिवाय मुळात त्यांचे नाते स्वराच्या चढउताराशीच आहे.

ख्रिस वॉलशॉ यांची 'एबीसी' पद्धत पाश्चात्त्य लोकधुना साध्या कळफलकावर लिहिते. तिच्या विस्तारातही असाच घोटाळा झाला. काही आज्ञावल्या उद्गारचिन्हाने ओळ तोडत. पुढे दोन उद्गारचिन्हांमध्ये अलंकाराचे नाव लिहायची रीत आली. एकाच चिन्हाला दोन कामे लागली! कल्पना मात्र चांगली होती. नवी आकृती शोधण्यापेक्षा नाव लिहिले, तर ते न समजणारी आज्ञावली तेवढे वगळून पुढे जाऊ शकते.

आपल्याला याची गरज आहेच. दरबारी कानड्यातील आंदोलित गंधार आणि इतर रागांतील कोमल गंधार यांच्याखाली रेघ एकच. तिथे 'आंदोलन' असा शब्दच ठरावीक खुणांमध्ये लिहावा, असे आम्ही सुचवतो. जुने लेखन त्याने बिघडत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एका गटाने ओळखीच्या चालीचे स्वर लिहून त्यात स्वतःचे एक नवे चिन्ह घालावे. दुसऱ्या गटाने खुलासा न विचारता ते गावे. चिन्ह कितपत चांगले आहे, याचा निकाल तिथेच लागेल.