गुन्हा आहे, सीमा नाही

मराठी गुन्हेपटाला शहर चांगलं कळतं. 'डोंबिवली फास्ट'पासून (2005) 'रेगे'पर्यंत (2014) शहरातल्या माणसाचा संताप आणि पोलिसी चकमक यांवर त्याने पकड बसवली. 'मुळशी पॅटर्न'ने (2018) पुढची पायरी गाठली. तिथला गुंड आभाळातून पडत नाही, विकलेल्या जमिनीतून उगवतो. राज्याच्या सीमेवरच्या तस्करीकडे मात्र आपल्या कॅमेऱ्याने जवळजवळ पाठच फिरवली आहे. वाळूमाफियाचा विषय 'रेती'ने (2016) घेतला, पण त्या वाटेने फारसं कुणी गेलं नाही. सीमेलगतच्या लातूरच्या रितेश देशमुखचा 'लय भारी' (2014) रंगला तोही सीमेवर नव्हे, पंढरपुरात.

खरं तर गोष्ट दाराशीच आहे. बिलोली तालुक्यात येसगीला मांजरा नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. इथल्या लाल वाळूला हैदराबादेत मोठी मागणी. रात्री हायवा ट्रक भरतात, वाळू वाहतुकीच्या एकाच पावतीवर अनेक खेपा होतात. महसूलचं पथक निघालं की मोटारसायकलवरची पोरं तस्करांना त्याचं 'लोकेशन' देतात. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे, तरी बिदरकडून उदगीर-देगलूरकडे येणारा माल पकडल्याच्या बातम्या काही थांबत नाहीत. किनवटच्या जंगलातल्या सागवानाचीही हीच तऱ्हा.

त्यात 1956 पर्यंत नांदेड, बिदर, निजामाबाद हे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. सोयरिकी आजही नदीपलीकडे होतात. म्हणजे तस्कर आणि त्याला अडवणारा शिपाई एकमेकांचे पाहुणे निघू शकतात. पटकथाकाराला आणखी काय हवं?

सीमा ओलांडल्यावर माणसाचं काय होतं, हे 'सैराट'ने (2016) नेमकं टिपलं. गावात बुलेट उडवणारी आर्ची हैदराबादेत पोचते आणि भाषाच येत नसल्याने तिची सगळी ऐट उतरते. तिथली धास्ती बंदुकीशिवाय अंगावर येते. आणि तस्करी कशी दाखवावी, हे तेलुगू 'पुष्पा'कडून (2021) शिकावं. त्याचा नायक अतिरंजित आहे, पण सिनेमाला धंदा ठाऊक आहे. लाल चंदन दुधाच्या टँकरच्या चोरकप्प्यातून कसं जातं, हे तो दाखवतो आणि प्रेक्षक त्या युक्तीवरच फिदा होतो.

आपले लेखक खलनायकापासून सुरुवात करतात. त्यांनी पावतीपासून करावी. ती कुणी फाडली, तिच्यावर वेळ कोणती, तलाठ्याने ती पाहून न पाहिल्यासारखं का केलं, यात बक्कळ थरार आहे आणि त्याला खर्चही फार नाही. अडचण कानाचीही आहे. तेलुगू आणि दखनी मिसळलेली देगलूरची बोली घरातला धाकही बोलते, सौदाही. पडद्यावर मात्र मराठवाडी माणूस बहुधा हशा पिकवण्यापुरताच येतो. हे असंच चाललं तर येसगीचा सिनेमा आधी हैदराबादचा निर्माता काढेल, आणि आपण तो डब करून पाहू.