‘कोर्ट’मध्ये न दिसणारं सभागृह

ओहोटी लागली की मोरा बंदरात गाळ उघडा पडतो आणि भाऊच्या धक्क्याची लाँच खोळंबते. अशाच एका खोळंब्यात मी चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) फोनवर पुन्हा पाहिला.

कॉलेजात असताना तो संथ वाटला होता. आता कळलं, तो संथपणाच चित्रपटाचं म्हणणं आहे. लोकशाहीर नारायण कांबळेंच्या (वीरा साथीदार) गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप. कामगाराकडे सुरक्षेची साधनंच नव्हती, हे त्याच्या बायकोच्या साक्षीतून दिसतं. तरी तारखा पडत राहतात. जामीन मिळतो, पुन्हा अटक होते. खलनायक कोणीच नाही. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) कायद्याचा मजकूर एकसुरात वाचते, लोकलने घरी जाते, स्वयंपाकाला लागते. निकाल लागायच्या आधीच शिक्षा भोगून होते.

माझी तक्रार एकच आहे. कॅमेरा वकिलांच्या घरी जातो, न्यायाधीशांच्या मागे रिसॉर्टपर्यंत जातो, पण विधिमंडळाकडे वळत नाही. नूतन वाचते ती वाक्यं कुठल्या तरी सभागृहाने मंजूर केलेली असतात.

जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं. त्याआधी संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या होत्या. कडव्या डाव्या संघटनांना आवर घालायचा, हा सरकारचा सांगितलेला हेतू. पण ‘बेकायदेशीर कृत्या’च्या व्याख्येत बोललेले-लिहिलेले शब्द आणि खुणा येतात, कायदा न पाळायला उत्तेजन देणंही येतं. बंदी घातलेल्या संघटनेसाठी असं कृत्य केल्यास ७ वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र.

मी कोड लिहितो. इतकी सैल अट लिहिली तर रिव्ह्यूमध्ये परत येते. मशीनला माझा हेतू कळत नाही, फक्त अट कळते. नूतनच्या हातातला कायदाही तसाच चालतो.

याच उरण तालुक्यात, चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. तो सत्याग्रह म्हणजे उघडउघड कायदा मोडण्याचं आवाहन होतं. तिथल्या हुतात्म्यांना आपण दरवर्षी मानवंदना देतो. वर सांगितलेली व्याख्या त्यांना लावून पाहा.

म्हणून मागणी साधी आहे: व्याख्या हिंसेपुरती ठेवा, शब्दांना मोकळं सोडा, जामीन हा नियम असू द्या. ‘कोर्ट’ जरूर पाहा. मग आपल्या आमदाराला विचारा, मतदानाच्या वेळी तुम्ही काय म्हणालात? आवाजी मतदानात कोणाचं मत कुठे गेलं, याची नोंद राहत नाही.