वर्गणी की भाडे? : ओटीटीचे पर्याय आणि वऱ्हाडचा प्रेक्षक

प्रस्तावना :
घरबसल्या चित्रपट व मालिका पुरविणाऱ्या ओटीटी मंचांचे शुल्क हा आज मध्यमवर्गीय कुटुंबाच्या खर्चाचा नियमित भाग झाला आहे. २०१६ मध्ये भारतात आलेल्या अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओचा लाभ प्रारंभी वर्षाला ४९९ रुपयांत मिळत होता. डिसेंबर २०२१ मध्ये हे सदस्यत्व ९९९ वरून १,४९९ रुपयांवर गेले. जून २०२५ पासून त्यात जाहिराती आल्या आणि त्या टाळण्यासाठी वर्षाला ६९९ रुपयांचे वेगळे शुल्क ठरले. याउलट नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्येच आपले दर कमी केले होते. म्हणजे प्रश्न एखाद्या मंचाच्या दरवाढीपुरता नाही. हवी ती कलाकृती कोणत्या मंचावर सापडेल व किती काळ राहील याची शाश्वती नसल्याने एका घराला अनेक सदस्यत्वे घ्यावी लागतात, हे खरे दुखणे होय. म्हणूनच अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात पर्यायांचा विचार करताना स्वस्ताईबरोबर निवडीच्या अधिकाराचा निकषही लावणे आवश्यक ठरते.

वर्गणीचा अर्थ :
मराठीत 'वर्गणी' या शब्दात सहभाग अभिप्रेत आहे. गणेशोत्सवाची वर्गणी देणारा हिशेब विचारू शकतो. वाचनालयाचा सभासद पुस्तकाची मागणी नोंदवू शकतो. ओटीटीचे शुल्क मात्र स्वरूपाने भाडे आहे. ते थांबले की प्रेक्षकाच्या हाती काहीच उरत नाही. हिंदी चित्रपटांच्या वितरणात सीपी-बेरार हा स्वतंत्र विभाग मानला गेला आणि अमरावती हे त्याचे एक केंद्र राहिले. तो व्यवहारही नफ्याचाच होता. परंतु निवड करणारा माणूस प्रेक्षकाच्या गावाजवळ होता.

मोफत पर्यायांची मर्यादा :
डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश सेवेला मासिक शुल्क नाही. छत्री व सेट-टॉप बॉक्स एकदाच घ्यावा लागतो. शेतमजुराच्या घरासाठी हा आजही महत्त्वाचा पर्याय होय. तथापि तेथील खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. साहजिकच जाहिरातदाराला हवा असलेला मोठा प्रेक्षकवर्ग निवड ठरवितो. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात 'वेव्हज' हा मंच सुरू केला. त्यामुळे सार्वजनिक प्रसारणाला नवे दार उघडले. पण प्रादेशिक बोलीला तेथे किती स्थान मिळते, यावरच त्याचे मोल ठरेल. चोरीच्या प्रती हा पर्याय नव्हेच. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्याचा पहिला फटका तुटपुंज्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या मराठी चित्रपटाला बसतो.

वाचनालयाचा आदर्श :
महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मुळे ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय किंवा अमरावतीचे शासकीय विभागीय ग्रंथालय अशा संस्थांमुळे ग्रंथ समाजाच्या मालकीचा राहतो. कौतिकच्या संसाराची परवड वऱ्हाडी बोलीतून मांडणारी उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) विकत घेणे न परवडणाऱ्या वाचकालाही वाचनालयातून मिळू शकते. चित्रपटाला असे घर नाही. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटात शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर अलका आपल्या नवऱ्याला, किस्नाला, क्षणभरही एकटे सोडायला धजत नाही. ज्या भूमीची ही व्यथा आहे, त्या भूमीतील प्रेक्षकाला ती पाहण्यासाठी दूरच्या मंचाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागणे, ही सांस्कृतिक विसंगती होय. बहुतेक लोकप्रिय मालिकांतून वऱ्हाडी बोली हशा मिळविण्यापुरतीच येते, हे लक्षात घेता ही उणीव अधिकच जाणवते.

निष्कर्ष :
फ्री डिश खर्चाचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविते, निवडीचा नाही. त्यासाठी वाचनालये व महाविद्यालये यांनी एकत्र येऊन वर्गणीतून चित्रपट मंडळे चालविणे हा व्यवहार्य मार्ग ठरू शकेल. सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकाची परवानगी व मोबदला आवश्यक असल्याने हा मार्ग फुकटचा नाही. पण दहा घरांनी दहा वेळा भरलेल्या भाड्यापेक्षा सर्वांनी मिळून दिलेली वर्गणी अधिक काही देते : काय पाहायचे हे ठरविण्याचा अधिकार आणि पाहिल्यावर त्याविषयी बोलायला माणसे. वऱ्हाडच्या प्रेक्षकाची खरी गरज हीच आहे.