हजार पुस्तकं मोजली, वाचली किती?

(पनवेल येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय मराठी रहस्यकथाकारांचा आहे, तेव्हा सुरुवात एसटी स्टँडवरूनच करू. कोकणात उतरणारी गाडी इथून, घाट चढणारीही इथून. गाडी उशिरा येणार हे ठरलेलं. मग स्टॉलवरचं एखादं पातळसं पुस्तक हातात यायचं. तिथे बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर शेजारी शेजारी मांडलेले असायचे. आपल्या रहस्यकथाकारांचं संमेलन भरलं, असं म्हणायचंच झालं, तर ते त्या फळीवर.

हे गमतीनं म्हटलं, पण त्यात एक दुखणं आहे. लंडनमध्ये १९३० साली डिटेक्शन क्लब स्थापन झाला. चेस्टरटन पहिले अध्यक्ष. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स सभासद. ही मंडळी एकत्र जेवायची आणि नव्या सभासदाला शपथ घालायची की, दैवी साक्षात्कार किंवा योगायोगाच्या जोरावर गुन्हा उकलायचा नाही, महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवायचा नाही. १९३१ मध्ये त्यांनी मिळून एक कादंबरी लिहिली, एकेकानं एकेक प्रकरण. म्हणजे आपली चलाखी पकडणारा माणूस त्याच धंद्यातला, समोरच्याच खुर्चीत बसलेला.

आपल्याकडे असं टेबल मांडलं गेलं नाही, आणि समीक्षाही या फळीकडे क्वचितच फिरकली. मग कौतुकाला उरलं काय? आकडा. अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा, त्यांची गिनीज बुकात नोंद. नाईकांच्या बाराशेच्या घरात. २०२१ मध्ये नाईक गेले, तेव्हाही हाच आकडा पुढे आला. आमचं म्हणणं एवढंच आहे की, लेखकाची पुस्तकं नुसती मोजणं ही त्याला न वाचण्याची सभ्य रीत झाली.

आता वाचून बघू. अर्नाळकरांवर इंग्रजी रहस्यकथांचं ऋण आहे, ते झाकायचं कारण नाही. धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू हे होम्स-वॉटसनच्याच जातकुळीतले. लंडनच्या शपथेची पट्टी लावली तर अर्नाळकर नापास होतील. धागेदोरे वाचकासमोर मांडण्याची त्यांना फिकीर नाही. पण काळापहाड घ्या. हा कायद्याच्या बाहेरचा, लबाड धनिकाला लुबाडणारा माणूस. इथे ‘गुन्हेगार कोण’ हा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो, उन्मत्त माणसाला धडा कधी मिळणार. दिवसभर साहेबाचं ऐकून घरी आलेल्या वाचकाला कोडं नको होतं, न्याय हवा होता, आणि तो शंभरेक पानांत हवा होता. ही रचना वेगळी आहे, म्हणून तिची पट्टीही वेगळी लागते.

गुरुनाथ नाईक मूळचे गोव्याचे. त्यांनी कॅप्टन दीपच्या रूपानं नायकाला लष्करी शिस्त दिली. शहरातला चोर-पोलीस मागे पडला आणि देशाच्या शत्रूचा पाठलाग सुरू झाला.

शिरवळकरांची गोष्ट आणखी निराळी. ‘दुनियादारी’वर २०१३ मध्ये चित्रपट आला आणि नवे वाचक त्यांच्याकडे वळले. चांगलंच झालं. पण त्यांच्या रहस्यकथा म्हणजे जणू शिकाऊ उमेदवारी, असा सूर लागतो. आम्हांला उलट वाटतं. बॅरिस्टर अमर विश्वास वाचताना गार्डनरचा पेरी मेसन आठवतोच; पण लक्षात राहतं ते बोलणं. एकानं टाकलेलं वाक्य दुसऱ्यानं झेलायचं, शब्दाला शब्द लावायचा. ‘दुनियादारी’तल्या कट्ट्यावरच्या पोरांची जीभ इथेच परजली गेली. शिडीवरून चढायचं आणि मग शिडीलाच नावं ठेवायची, हे काही बरोबर नाही.

दोष नाहीत असं कोण म्हणतं? घाईत लिहिलेली पानं घाईतच संपतात. योगायोग पोत्यानं सापडतात. बायका बहुतेक वेळा संकटात पडायला किंवा मोहात पाडायलाच येतात. हे सगळं स्पष्ट बोललं पाहिजे. कुणी वेळेवर बोललं असतं, तर पुढचं पुस्तक कदाचित अधिक चांगलं उतरलं असतं. दुर्लक्षानं लेखकाचा अपमान होतो तसं त्याचं नुकसानही होतं.

आणि आता वाचकाचंही होतंय. ही पुस्तकं स्वस्त कागदावर छापलेली, वाचनालयांतून हातोहात फिरून झिजलेली. शेवटचं पान फाटलेलं असलं की खुनी कोण, हे शेजाऱ्याला विचारायचं. काही निवडक पुन्हा छापली गेली. बाकीची माळ्यावरून थेट रद्दीत जातात. पुस्तकच नसेल तर उद्याचा अभ्यासक वाचणार काय? पुन्हा आकडाच.

म्हणून घरी गेल्यावर एक करा. माळ्यावर असलं एखादं पुस्तक सापडलं, तर रद्दीवाल्याला देण्याआधी शेवटपर्यंत वाचा. मग त्यातलं काय जमलंय आणि काय फसलंय, ते चार वाक्यांत लिहून ठेवा. जे टेबल तेव्हा मांडायचं राहिलं, ते आपण वाचकांनी मांडू.