भाकितातील अनुक्त कर्ता

1955 साली जिनीव्हा येथे भरलेल्या अणुशक्तिपरिषदेच्या अध्यक्षपदावरून होमी भाभा यांनी एक भाकीत केले: संमीलन-ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याची पद्धत दोन दशकांत सापडेल आणि मग जगाचा ऊर्जाप्रश्न कायमचा सुटेल. हे भाकीत खोटे ठरले, एवढे म्हणून टीकाकार बहुधा थांबतात. तथापि त्या विधानाची रचना तपासणे अधिक उद्बोधक आहे. पद्धत ‘सापडेल’, पण शोधणारा कर्ता अनुक्त आहे. ‘ऊर्जा मुक्त होणे’ आणि ‘प्रश्न सुटणे’ या दोन क्रियांमधील सारा व्यवहार वाचकाने गृहीत धरावयाचा आहे.

लेसर-संमीलनाविषयीच्या लेखनात हाच दोष ‘लाभ’ या शब्दात उतरला आहे. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेत 192 किरणशलाकांनी इंधनगोळीच्या लक्ष्यावर 2.05 मेगाज्यूल ऊर्जा टाकली, संमीलनातून 3.15 मेगाज्यूल मिळाली. शास्त्रीय दृष्ट्या ही सिद्धी मोठीच होय. परंतु ‘लाभ’ या शब्दाला ‘कशाच्या तुलनेत?’ अशी आकांक्षा असते. ती प्रकाशापुरती पुरवली तर लाभ. लेसर चालविण्यास लागलेल्या सुमारे 300 मेगाज्यूल विजेशी तुलना केली तर तूट. पुढील प्रयोगांत आकडे वाढले, तरी ही तूट भरून निघालेली नाही. शिवाय वीजकेंद्राला असा स्फोट दिवसातून एकदा नव्हे, सेकंदाला सुमारे दहा वेळा घडवावा लागेल.

पालघरहून उत्तरेस जाताना उमरोळीनंतर बोईसर लागते आणि त्याच्या पश्चिमेस समुद्राकाठी तारापूरचे अणुवीजकेंद्र आहे. तेथील ऊर्जा संमीलनाची नसून भंजनाची आहे. त्या केंद्राच्या उभारणीस चालना देणारे भाभाच होते. भाकीत एका ऊर्जेचे, उभारणी दुसरीची; ही विसंगती नसून विवेक होता. 1969 मध्ये तेथे व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे 2005-06 मध्ये 540 मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण येथील कुटुंबांना गाव सोडावे लागले. येथे वाक्याचा कर्ता अनुक्त राहत नाही. कोणी बांधले, किती वीज दिली, कोणी मोल दिले, हे सर्व सांगता येते.

संमीलनाच्या संशोधनाला विरोध करण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र त्याविषयी मराठीत लिहिणाऱ्याने ‘लाभ’ हा शब्द योजताना मोजमाप कोठून कोठपर्यंत केले, हे त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. ते न सांगता केलेले विधान भाकीतच राहते, मग त्यात कितीही आकडे असोत.