दाढी डार्विनची, धड वानराचं

व्हिक्टोरियन काळातल्या विज्ञानविषयक व्यंगचित्रांचं कौतुक आपण अंमळ जास्तच करतो. चित्र जुनं, रेघ सुबक, त्यात डार्विनची दाढी. एवढ्यावर माना डोलतात. पण शास्त्रज्ञाच्या तोंडावळ्याला हसणारी चित्रं वेगळी आणि त्याच्या शोधात शिरून हसवणारी वेगळी. दोघांना एकाच पंक्तीला बसवता येत नाही.

पहिल्या जातीचा ठळक नमुना 'हॉर्नेट' या नियतकालिकातला, 1871 चा. डार्विनचं 'डिसेंट ऑफ मॅन' हे पुस्तक त्याच वर्षी आलेलं. चित्रकारानं ओरांगउटानच्या धडावर डार्विनचं डोकं बसवलं आणि हात झटकले. माणूस आणि वानर यांचा पूर्वज एक, हा मुद्दा गेला वाऱ्यावर. विनोद एका नजरेत कळतो. दुसऱ्यांदा बघावं असं काही उरत नाही.

व्यंगचित्रकार लिनली सँबर्नचं 'मॅन इज बट अ वर्म' मात्र पुन्हापुन्हा बघावं. डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक 1881 च्या ऑक्टोबरात निघालं आणि डिसेंबरात, 'पंच' या विनोदी नियतकालिकाच्या 1882 च्या वार्षिक अंकात, हे चित्र आलं. 'केऑस' या अक्षरांतून गांडुळं वळवळत निघतात, त्यांची माकडं होतात, माकडांचा गुहेतला माणूस आणि शेवटी हॅट उंचावणारा लंडनचा साहेब. मधोमध डार्विन, देवाच्या थाटात. वेटोळ्याची रचना अशी की नजर आपोआप फिरत राहते. गफलत मात्र आहेच. डार्विननं मांडलं होतं फांद्या फुटणारं झाड. सँबर्ननं एकच वंशरेषा ओढली. शिवाय ते पुस्तक मातीविषयी होतं, माणसाच्या उत्पत्तीविषयी नव्हे.

सगळ्यांत सरस वाटतं ते 'पंच'मधलंच, 21 जुलै 1855 चं चित्र. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं लंडनच्या थेम्स नदीवरून बोटीनं जाताना पांढऱ्या कार्डाचे ओले तुकडे धक्क्याधक्क्यावर पाण्यात टाकले. भर उन्हात, इंचभर बुडायच्या आत ते दिसेनासे झाले. हे त्यानं 'टाइम्स'ला पत्र लिहून कळवलं. चित्रात तोच फॅरडे एका हातानं नाक दाबून, दुसऱ्या हातानं घाणीनं बरबटलेल्या 'फादर थेम्स'ला आपलं व्हिजिटिंग कार्ड देतो आहे. ज्या कार्डानं प्रयोग केला त्यातूनच विनोद झाला. इथे शास्त्रज्ञाची टर उडत नाही; अब्रू जाते ती शहराची. पुढे 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीनं पार्लमेंटलाच नाक मुठीत धरायला लावलं, तेव्हा कुठे लंडनच्या नव्या गटारांना मंजुरी मिळाली.

आज पुस्तकांत नि व्याख्यानांत सर्रास झळकतं ते धड वानराचं. त्याला संदर्भ लागत नाही, हीच त्याची सोय आणि हीच त्याची उणीव. फॅरडेचं चित्र छापायचं तर सोबत त्याचं पत्रही छापावं लागेल. संपादकांनी तेवढी जागा द्यावी; वाचक हसतील आणि प्रयोगही समजून घेतील.