मुक्ताबाईंचा निबंध : एका विद्यार्थिनीचे ग्रंथचिंतन आणि समाजचिंतन

मराठी निबंधाचा इतिहास सांगताना लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’पर्यंतचा, म्हणजे १८४८ ते १८७४ हा कालखंड बहुधा घाईने ओलांडला जातो. या कालखंडात, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्या मुक्ताबाई साळवे या जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांचे वय त्या वेळी अवघे चौदा वर्षांचे होते. पुढे १८६८ मध्ये ना. वि. जोशी यांनी आपल्या पुणे शहराच्या वर्णनात हा निबंध उतरून घेतला. मुक्ताबाईंचे दुसरे लेखन उपलब्ध नाही.

निबंधाची उपेक्षा झाली असे आता म्हणता येणार नाही. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात, दलित साहित्याच्या पूर्वपीठिकेत, स्त्रियांच्या लेखनाच्या संकलनांत त्याचा उल्लेख आवर्जून होतो. सुझी थारू आणि के. ललिता यांनी १९९१ मध्ये संपादित केलेल्या भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संकलनातही त्याला स्थान मिळाले. परंतु या साऱ्या गौरवात एक उणीव राहून गेली आहे. निबंध साक्षीपुराव्यासारखा वापरला जातो. पेशवाईतील अन्यायाची साक्ष म्हणून, फुले दांपत्याच्या शाळेच्या यशाचे प्रमाण म्हणून तो पुढे ठेवला जातो आणि साक्ष नोंदवून झाली की साक्षीदाराला निरोप दिला जातो. वाङ्मय म्हणून त्याची रचना कशी आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः या निबंधाचे समाजकार्य त्याच्या रचनेतच आहे. रचना बाजूला सारून आशय तेवढा घेतला, तर त्या कार्याचा महत्त्वाचा अंश हातून निसटतो.

निबंधात बोलणारी व्यक्ती एकच असली, तरी ऐकणारा वारंवार बदलतो. प्रारंभी तो ईश्वर आहे. आपल्यासारख्या दुबळीच्या अंतःकरणात हा विषय त्यानेच भरविला, अशा नम्र विधानाने आरंभ होतो. त्या काळच्या लेखनात ही नम्रता रूढ होती. येथे मात्र तिचा उपयोग वेगळा आहे. विषय ईश्वराने दिला असेल, तर तो मांडण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या अनुज्ञेची गरज उरत नाही. ब्राह्मण आणि मांग-महार यांचा निर्माता एकच, हे सूत्र लगेच पुढे येते आणि लेखिकेचा अधिकार तेथेच सिद्ध होतो. त्यानंतर श्रोता होतो तो प्रतिपक्ष. मध्येच, एखादा दाखला देताना, अनाम वाचकाला विचार करून पाहण्यास सांगितले जाते. आणि अखेरीस, ज्यांच्याविषयी आतापर्यंत बोलणे चालले होते त्या मांग-महारांकडेच लेखिका वळते. ‘ते’ आता ‘तुम्ही’ होतात. ज्यांचा उल्लेख तोपर्यंतच्या मराठी छापील मजकुरात वर्णनाचा, दयेचा अथवा तिरस्काराचा विषय म्हणून होत असे, त्यांना गद्यात समोर बसवून, त्यांच्यातीलच एकीने, तर्काने समजाविण्याचा हा प्रसंग विलक्षण आहे.

ईश्वर आणि प्रतिपक्ष यांच्या सीमेवर जो युक्तिवाद येतो, तो या निबंधातील सर्वांत कसदार भाग होय. वेद ही आपलीच मालमत्ता, ते आपणच पाहावेत, असे ब्राह्मण म्हणतात. ही प्रतिज्ञा मुक्ताबाई नाकारत नाहीत. उलट ती मान्य करून तिचे परिणाम एकामागून एक काढीत जातात. ग्रंथ जर त्यांचाच असेल, तर त्याप्रमाणे वागण्याचे बंधनही त्यांचेच. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीसुद्धा मोकळीक नाही, त्यांना धर्मग्रंथच नाही. आणि ज्यांना धर्मग्रंथ नाही, ते धर्मरहित ठरतात. मग आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे. प्रतिपक्षाचे विधान त्याच्याच अंगावर उलटविण्याची ही रीत न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. परंतु तीन-चार वर्षांचे शिक्षण झालेल्या मुलीने ती एवढ्या निश्चयाने हाताळावी, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

विद्यार्थिनीचे ग्रंथविषयक चिंतन ज्याला म्हणावे ते येथे आहे. ग्रंथात काय लिहिले आहे यापेक्षा ग्रंथ कोण उघडू शकतो, हा त्यांचा प्रश्न आहे. वाङ्मयाचे मोल आस्वादातून ठरते असे मानणाऱ्या समीक्षेला हा प्रश्न वाङ्मयबाह्य वाटेल. तथापि आस्वादाच्याही आधी प्रवेश असतो, आणि प्रवेशाचा विचार न करणारी रसचर्चा अर्धवट राहते. मुक्ताबाईंनी हा मुद्दा भुकेच्या प्रतिमेने मांडला आहे. एकाने खावे आणि इतरांनी त्याच्या तोंडाकडे पाहत बसावे, अशा स्वरूपाचा धर्म पृथ्वीवर न उरो, अशी त्यांची प्रार्थना आहे. अमूर्त तत्त्व आणि जेवणाची पंगत एका वाक्यात आणण्याची ही हातोटी वाचनातून आलेली नसावी. उष्ट्या अन्नासाठी दुसऱ्यांच्या दारी जावे लागणाऱ्या वस्तीच्या अनुभवातून ती आली, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती धर्मप्रसारकांचे पत्र होते. धर्मरहित असल्याची कबुली आणि नव्या धर्माची पृच्छा त्या पत्राच्या धोरणास सोयीची होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण प्रश्न विचारून झाल्यावर लेखिका तयार उत्तर पुढे करीत नाही. प्रश्न ती ईश्वराकडेच ठेवते. निबंध धर्मप्रचाराच्या पत्रात छापला गेला असला, तरी तो धर्मप्रचाराचा निबंध नव्हे.

पेशवाईच्या वर्णनाचा भाग सर्वांत अधिक उद्धृत होतो, आणि सर्वांत कमी बारकाईने वाचला जातो. तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराचे मस्तक आणि तलवार ही गुलटेकडीच्या मैदानावर खेळाची साधने होत, असे तेथे सांगितले आहे. इमारतींच्या पायात माणसे पुरल्याचाही उल्लेख आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली. मुक्ताबाईंचा जन्म त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळाने झाला. म्हणजे हे वर्णन डोळ्यांनी पाहिलेल्याचे नव्हे. ते घरी, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असणार. बखरी वाड्याच्या आतून लिहिल्या गेल्या आणि ही हकिगत वाड्याबाहेर तोंडी चालत राहिली. या निबंधाच्या रूपाने ती प्रथमच छापखान्यात पोहोचली. इतिहाससंशोधकाने तिची छाननी करावी, तो त्याचा अधिकार आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र शब्दांकडे पाहावे. भीषण कृत्यासाठी येथे मुलांच्या खेळातले शब्द योजले आहेत. लेखिकेच्या वयाची भाषाच त्या क्रौर्याचे वर्णन करण्यास उपयोगी पडली आहे. त्यात आणखी एक उपरोध दडलेला आहे. मुक्ताबाई लहुजी वस्तादांच्या घराण्यातील होत्या. ज्या घराण्याची कीर्ती तालमीमुळे, तेथील मुलीने तालीमखान्यासमोरून जाण्याची बंदी नोंदवावी, हे पुण्याच्या वाचकाला जाणवल्यावाचून राहिले नसेल.

याच भागात बाजीरावाच्या तोंडी घातलेले एक भाषण आहे. हे लोक वाचू लागले, तर दप्तराचे काम त्यांना देऊन ब्राह्मणांनी न्हाव्याची धोकटी घेऊन विधवांची डोकी भादरीत फिरावे काय, असा त्याचा आशय. विनोद म्हणून ते सरस आहेच. परंतु जातीवरून चाललेल्या वादात ब्राह्मण विधवेचा केशवपनाचा अवमान सहज उघडा पाडणारे हे वाक्य लेखिकेच्या दृष्टीचा आवाका दाखविते. जोतीरावांनी बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ मध्ये काढले. विधवेच्या दुःखाचा आणि अस्पृश्याच्या दुःखाचा धागा एकच आहे, ही जाणीव त्याच्या आठ वर्षे आधी या शाळेतील वातावरणात होती, असा तर्क या एका वाक्यावरून करता येतो. लंगड्या गाढवाचा दाखलाही असाच. गाढवाला मारले, तर त्याचा धनी भांडावयास येतो. मांग-महारांना मारणाऱ्याला अडविणारा कोण होता? प्राण्याहून हीन मानले जाण्याची तक्रार पुष्कळांनी केली आहे. ती मालकी आणि दाद यांच्या भाषेत मांडल्यामुळे येथे तिला कायदेशीर धार आली आहे.

आणि मग, फारशी पूर्वतयारी न करता, बाळंतिणीचा उल्लेख येतो. ज्यांच्या घरावर छप्पर नाही अशा स्त्रिया थंडी-वाऱ्या-पावसात बाळंत होतात, त्यांचे दुःख आपल्या अनुभवावरून ताडून पाहावे, असे आवाहन आहे. लेखन विद्यार्थिनीचे, पण विचार शिक्षकांचा, असा आक्षेप घेणाऱ्याने हे स्थळ अवश्य पाहावे. जोतीरावांच्या शिकवणुकीचा ठसा निबंधावर उघड आहे. पण ही बाळंतीण ना जोतीरावांच्या तर्कातून आली, ना मिशनऱ्यांच्या प्रवचनातून. ती वस्तीतून आली आहे.

शिक्षकांचा प्रश्न निघालाच आहे, तर सावित्रीबाईंच्या ‘काव्यफुले’ या संग्रहाचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. तो १८५४ चा, म्हणजे निबंधाच्या केवळ एक वर्ष आधीचा. त्या वेळी कवयित्री तेवीस वर्षांच्या होत्या. संग्रहात जाई, गुलाब, चाफा यांवरील रचना आहेत आणि शिक्षणासाठी जागे होण्याचे, इंग्रजी शिकण्याचे, नवस-सायासांचा नाद सोडण्याचे उपदेशही आहेत. फुलांच्या कविता हलक्या आणि टवटवीत आहेत. उपदेशपर पद्य मात्र पुष्कळदा उपदेशाच्या भाराने वाकते, हे सावित्रीबाईंच्या थोरवीला बाध न आणता सांगितले पाहिजे. विद्या घ्या म्हणजे पशुत्व जाईल, हे तेथील सूत्र आहे. अशा पद्याला शंका परवडत नाही. ते वर्गात म्हणावयाचे, पाठ करावयाचे होते आणि त्याचे ते काम त्याने चोख बजावले असणार. सावित्रीबाईंची गद्यपत्रे पाहिली की हा फरक आणखी स्पष्ट होतो. १८७७ च्या दुष्काळात जुन्नर भागातून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातील गद्य त्यांच्या अनेक उपदेशपर पद्यांपेक्षा अधिक जिवंत आहे, कारण तेथे समोर माणसे आहेत.

विद्यार्थिनीने शिक्षिकेचे सूत्र स्वीकारले. निबंधाच्या शेवटच्या भागात ती आपल्या लोकांना रोगी म्हणते आणि ज्ञान हे औषध म्हणून पुढे करते. जनावरांसारख्या हजेऱ्या देण्याची पाळी टळावयाची, तर शिकले पाहिजे, असे बजावते. येथवर ती ‘काव्यफुले’च्याच वाटेवर आहे. पण लगेच पाऊल थबकते. शिक्षणाने माणूस सुधारतोच, हे आपल्याला सिद्ध करून दाखविता येत नाही, अशी कबुली ती देते. शुद्ध शाळांत शिकून सुधारलेले म्हणविणारेही कधी अंगावर काटा आणणारी कर्मे करतात, हे तिने पाहिले आहे. उपदेशाच्या अगदी टोकाला, टाळी मिळण्याच्या ठिकाणी, ही शंका येते. निबंधाच्या गौरवपर उल्लेखांत ती बहुतेक वेळा गाळली जाते, कारण ती गैरसोयीची आहे. परंतु तिच्यामुळेच हा निबंध शाळेच्या जाहिरातीपासून वेगळा होतो. ज्यांना साहाय्य करावयाचे, त्यांना अर्धसत्य सांगावयाचे नाही, ही त्यामागील नीती आहे. वाङ्मयाचा अभ्यास वर्गात आणि समाजसेवा शिबिरात, अशी वाटणी आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडली आहे. मुक्ताबाईंच्या निबंधात अचूक लिहिणे हीच सेवा आहे.

निबंधाचे दोष झाकण्याचे कारण नाही. इंग्रजी राज्याविषयीची कृतज्ञता भाबडी आहे. त्या राज्याने वसूल केलेल्या किमतीची जाणीव तिच्यात नाही. ‘काव्यफुले’मध्येही इंग्रजी सत्तेची आणि भाषेची स्तुती आहे. मात्र मुक्ताबाईंची स्तुती मोजून केलेली आहे. मैदानावरचा तो खेळ थांबला, पायात माणसे पुरणे थांबले, अशा थांबलेल्या गोष्टींची ती यादी आहे. दुसरा दोष रचनेचा. मधला भाग विस्कळीत असून एका दाखल्यावरून दुसऱ्यावर उडी मारली जाते. त्यातील किती भाग दोन अंकांत विभागल्यामुळे तसा भासतो आणि किती मुळातला आहे, हे ‘ज्ञानोदया’तील आणि जोशींच्या पुस्तकातील मजकूर ओळीला ओळ लावून पाहिल्यावाचून ठरणार नाही. सध्या प्रचलित असलेल्या पाठांत लेखनपद्धती आधुनिक केलेली आढळते. विरामचिन्हेही पुष्कळ ठिकाणी संपादकांची आहेत. श्रोता बदलण्याच्या जागा ज्या निबंधाचा कणा आहेत, त्यात एखादा परिच्छेद कोठे तोडला आहे, यावर बरेच अवलंबून असते. विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हे पाठनिश्चितीचे काम हाती घेण्याजोगे आहे.